लक्ष्मीचे ठिपके

माझे वडील गेले तो बाजाराचा शनिवार होता. काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो आणि त्या दिवशी वडिलांच्या दुकानात गर्दी असायची. ते पाण्याच्या मोटारी भरून द्यायचे. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी तार गुंडाळायची, हे त्यांचं काम. अंगानं सडपातळ. तंबाखू नाही, बिडी नाही. चाळिशीही गाठली नव्हती.

दुपारी ते जेवायला घरी आले. पाहुणे यायचे होते म्हणून आईनं मासवड्या केल्या होत्या, वर तर्रीचा रस्सा. वडील पोटभर जेवले, दुकानात गेले आणि थोड्याच वेळात छातीत दाटून आलंय म्हणत परत आले. पित्त असेल म्हणून कुणी सोडा दिला. मग घाम सुटला. डावा हात दुखतोय म्हणाले. शेजारच्यांनी त्यांना टेम्पोत घातलं आणि टेम्पो दौंडच्या वाटेला लागला. पण वडिलांच्या आयुष्यात ते दौंड आलंच नाही.

मी तेव्हा चौथीत होते. टेम्पो परत आला ते मी पाहिलं. पण माझ्या डोक्यात जे कायमचं बसलं ते त्यानंतरचं.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून लग्नानंतर लवकरच माहेरी आली होती आणि घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला असायच्या. सगळं गाव अंगणात जमलेलं असताना ती स्वयंपाकघरात गेली आणि रश्श्याचं पातेलं घेऊन बाहेर आली. लोकांपुढं ते तिरकं धरून म्हणाली, "बघा. ह्यो तवंग बघा. हिनं खाऊ घालून घालून मारला माझा भाऊ."

कुणी तिला अडवलं नाही. पुढं बसलेल्या दोन-चार माणसांनी पातेल्यात वाकून पाहिलं आणि माना हलवल्या. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनंही पातेल्याकडे पाहिलं, जणू ते तिलाही पहिल्यांदाच दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून आईला चुलीपाशी जायची बंदी झाली. भांडी घासायची, शेण काढायचं, दळण आणायचं, पण घरातल्या कुणाच्या ताटात तिच्या हातचं काही पडता कामा नये. एकदा मी शाळेतून आले आणि आईकडे भाकरी मागितली. आईनं आधी आत्याकडे पाहिलं. आत्यानं नुसती मान हलवली, नाही म्हणून. आई उठली नाही. स्वतःच्या पोरीला भाकरी वाढायची का, हे दुसऱ्या बाईच्या मानेकडे बघून ठरवणारी आई मी त्या दिवशी पाहिली. लोक म्हणतात काळ गेला की राग निवतो. माझा निवला नाही. मी तो निवू दिला नाही.

वर्षभरानं मामा आले आणि आम्हाला राहुरीला घेऊन गेले. शेती विद्यापीठात बाहेरगावची मुलं शिकायला असतात. आईनं त्यांच्यासाठी खानावळ काढली. आधी मामाच्या पडवीत, मग भाड्याच्या दोन खोल्यांत. तीसेक वर्षं तिनं ती चालवली, अजून चालवते. तिच्या हातचं खाल्लेली पोरं आज कृषी अधिकारी आहेत, बँकेत आहेत, कुणी परदेशात आहेत. पण ती स्वयंपाक करायची तो भीत भीत. तेल चमच्यानं मोजून घालायची, शेंगदाण्याचं कूट चिमटीनं. पोरं तिच्या भाजीला दवाखान्यातली भाजी म्हणायची. टिकून राहायची ती गरम चपातीसाठी आणि तिच्या मायेसाठी.

एकदा परीक्षेच्या दिवसांत एका मुलाच्या छातीत जळजळायला लागलं. रात्ररात्र चहा पिऊन जागलेला पोरगा, पित्त झालं होतं. डॉक्टरांनी गोळी देऊन परत पाठवला. पण तो परत येईपर्यंत आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती . "मी काय घातलं होतं सकाळी?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तेव्हा मला कळलं की आत्याचं बोलणं काष्टीतच राहिलं नव्हतं. आईनं ते मान्य केलं होतं. आपण नवऱ्याला मारलं, असं माझी आई खरंच समजत होती.

आत्याच्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांपाशी, पापणीवर, पिवळे ठिपके होते. जरा उठावाचे, हळदीचं बोट टेकल्यासारखे. आजोबांनाही तसेच होते म्हणे. वडिलांना बारीक होते. घरात त्यांना लक्ष्मीचे ठिपके म्हणायचे. "आमच्या घराण्याची खूण हाय ती," असं आत्या पाहुण्यांना सांगायची, "बाहीरून आलेल्यांना न्हाई यायची." बाहेरून आलेली म्हणजे माझी आई. मला पस्तिशीनंतर उजव्या डोळ्यापाशी तसा एक ठिपका आला तेव्हा मला आरशात बघवेना. त्या घरातलं काही माझ्या तोंडावर नको होतं.

त्या घरातले पुरुष लवकर जायचे. आजोबा भर उन्हात बांधावर बसले ते उठले नाहीत. ते उन्हानं गेले. वडिलांना आईनं मारलं. धाकटे चुलते पन्नाशीत, विहिरीच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी भांडण चालू असताना, कोसळले. त्यांना शेजाऱ्यानं मारलं. तेव्हा चुलतीला कुणी बोललं नाही, कारण तिच्या भावांचं तालुक्यात वजन होतं. प्रत्येक मरणाला त्या घरात एक गुन्हेगार होता आणि तो नेहमी घराण्याबाहेरचा असायचा.

मी राहुरीत शाळेत शिकवते. चाळिशी ओलांडली आणि मला वरच्या मजल्यावरच्या वर्गात जाताना दम लागायला लागला. खालचा जबडा दुखायचा. दातांचा डॉक्टर झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. शेवटी नवऱ्यानं जवळजवळ ओढतच नगरला नेलं. तिथं अँजिओग्राफी केली. एक रक्तवाहिनी जवळपास बंद झाली होती, दुसरी निम्मी. पहिलीत लगेच स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवला.

दुसऱ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टर तपासायला आल्या. माझ्यापेक्षा वयानं लहान, शांत बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला हार्टचा त्रास?"

"वडील. चाळिशीच्या आत गेले. चुलते पन्नाशीत. आजोबाही तसेच, शेतात."

त्यांनी हातातली फाईल खाली ठेवली. माझ्या पायावरची चादर बाजूला केली आणि टाचेच्या वरची शीर चिमटीत धरून दाबली. "बूट मागून चावतात का?"

"शाळेत असल्यापासून. माझी टाच जाडच आहे."

मग त्यांनी माझ्या डोळ्यापाशी निरखून पाहिलं. "हा डाग?"

"तो आमच्या घराण्यातच आहे. लक्ष्मी म्हणतात त्याला."

त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. "हे कोलेस्टेरॉल आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्याच रक्तात ते फिरत असतं आणि लिव्हर ते उचलून घेतं. काही घराण्यांत हे उचलायचं काम जन्मापासूनच अर्धवट चालतं. मग ते साचत जातं. कातडीखाली साचलं की असे ठिपके दिसतात. टाचेच्या शिरेत, म्हणजे तिथल्या कंडरेत, साचलं की ती जाड होते. आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचतं ते कुणाला दिसत नाही. वीस वर्षं, तीस वर्षं आतून थर चढत राहतो. मग एक दिवस थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि माणूस जातो. घरचे म्हणतात, सकाळी तर ठणठणीत होता."

"हे येतं कुठून?"

"आईकडून किंवा वडिलांकडून. एकाकडून आलं तरी पुरतं. तुमच्या बाबतीत वडिलांकडून, असंच दिसतंय. आईचीही तपासणी करून घ्या, म्हणजे खात्री होईल."

मी विचारलं, "एक सांगाल? दुपारच्या जेवणात तेल जास्त झालं म्हणून तासाभरात माणूस जातो का?"

त्यांना तो प्रश्न विचित्र वाटला असणार, पण त्यांनी नीट उत्तर दिलं. "एका जेवणानं इतक्या वर्षांचा थर चढत नाही. खाणं सांभाळायलाच हवं, तुम्हीही सांभाळा. पण हा आजार खाण्यातून आलेला नाही. नुसत्या वरणभातावर ठेवलं असतं तरी तो रक्तात होताच."

मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. माझ्या छातीत जाळी बसवली होती, दुसरी वाहिनी निम्मी भरली होती, घरी कॉलेजात जाणारी मुलगी होती. पण मला आनंद झाला. खरं सांगते, इतका आनंद मला क्वचित झाला असेल. पलंगावर पडल्या पडल्या मी आत्याला आता काय काय बोलायचं याची वाक्यं जुळवत होते.

आईची तपासणी राहुरीलाच केली. तिचं कोलेस्टेरॉल एखाद्या तरुण पोरीसारखं निघालं. तिला मी तेव्हा कारण सांगितलं नाही. आधी काष्टीच्या घरच्यांच्या गळी हे उतरवायचं आणि मग आईला सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांना कळवा, त्यांनी तपासून घ्यायला हवं. मी काष्टीला फोन केला. चुलतभाऊ, म्हणजे धाकट्या चुलत्यांचा मुलगा, घरीच होता. आत्यानं त्याला लहानाचा मोठा केलेला, तिचा फार जीव त्याच्यावर. त्यानं फोन स्पीकरवर टाकला. मी सगळं समजावून सांगितलं. आजार काय, कुठून येतो, रक्त तपासून घ्या, साध्या गोळीनं खूप काही आवरतं. रागाचा एक शब्दही मध्ये येऊ दिला नाही.

पलीकडून आत्याचा आवाज आला. "तुज्या आईच्या हातचं खाऊन तुला झालं आन् घालती आमच्या घरावर. आमच्यात तसलं काही न्हाई."

चुलतभाऊ हसून म्हणाला, "ताई, मी रोज सकाळी पळतो. माजी काळजी करू नका तुमी."

मी त्याला नंतर पुन्हा एकटा गाठून फोन केला. ऊस गेला की बघतो म्हणाला.

ऊस जात होता तेव्हाच ते झालं. कारखान्याच्या वजनकाट्यापाशी ट्रॉली लावून उभा असताना तो खाली बसला. बरोबरच्यांनी त्याला थेट नगरला आणलं म्हणून वाचला. पण उशीर झालाच होता. हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. वय छत्तीस-सदतीस.

मला त्याच्या बायकोनं फोन केला. ती पतसंस्थेत नोकरी करते. तिचं माझं आधी फारसं बोलणं नव्हतं. "ताई, तुम्ही याल का?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी निघाले.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, आयसीयूबाहेर बाकं मांडलेली होती. एका बाकावर आत्या, तिच्या भोवती भावकीतली माणसं, बायका. पार दुसऱ्या टोकाच्या बाकावर चुलतभावाची बायको एकटी. मी जिन्यातून वर येत होते तेव्हाच आत्याचा आवाज ऐकू आला.

"सकाळी नटूनथटून नोकरीला जायचं. मग ह्याला काय, रातचं शिळं न्हाईतर हाटेलातलं. त्या वडापावनं घात केला माज्या पोराचा. दुसरं काय."

आणि भोवतालच्यांनी माना हलवल्या.

मला वाटलं होतं, ही वेळ आली की मी ओरडेन. मी ओरडले नाही. मी सरळ आत्यापुढं गेले आणि खाली वाकले. सगळ्यांना वाटलं मी पाया पडतेय. आत्यानंही आशीर्वादाला हात उचलला. मी तिच्या दोन्ही टाचा हातात धरल्या आणि सोडल्या नाहीत. टाचेच्या वरची शीर दोन्हीकडे लाकडासारखी जाड लागली. माझ्यापेक्षाही जाड.

"अगं, सोड की," आत्या म्हणाली.

मी चुलतभावाच्या बायकोला हाक मारली. "इकडे ये. इथं हात लाव."

ती गोंधळून आली. मी तिचा हात धरून आत्याच्या शिरेवर ठेवला. मग तिथंच जमिनीवर बसून माझी साडी वर केली आणि तिला माझी शीर दाबायला लावली. "आता आत जाशील तेव्हा नवऱ्याची बघ. अशीच असेल. वडापावनं टाच जाड होत नाही."

मी उठले आणि आत्याच्या तोंडापाशी तोंड नेलं. "हे डोळ्यापाशी आहे ना, ती लक्ष्मी नाही. चरबी आहे. तीच आजोबांच्या हृदयात साचली, माझ्या वडिलांच्या साचली, काकांच्या साचली, माझ्या साचली आणि आत झोपलाय त्याच्याही साचली. तुमच्या घराण्यातून आली. बाहेरून आलेल्या एकाही बाईनं आणलेली नाही. मी फोन करून सांगितलं होतं. तुम्ही त्याला तपासू दिलं नाही."

आत्यानं पाय बाकाखाली ओढून घेतले. मग म्हणाली, "मंग मी येवढी जगले कशी?"

"तुमचं नशीब. बायकांना उशिरा गाठतं, डॉक्टर म्हणाल्या. पण गाठतं."

ते वाक्य मी मुद्दाम म्हटलं. तिला भीती वाटावी म्हणून म्हटलं. तिला वाटली, आणि ती वाटलेली बघून मला बरं वाटलं. डॉक्टरांनी तिचंही रक्त घेतलं तेव्हा ती सुईला घाबरलेल्या लेकरासारखी हात मागं ओढत होती. आकडा माझ्यापेक्षा वर आला. पुढं अँजिओग्राफीत तिन्ही वाहिन्या ठिकठिकाणी अरुंद झालेल्या दिसल्या. दम लागतो तो वयामुळं, असं ती इतकी वर्षं म्हणत होती.

मी राहुरीला परतले आणि आईला सांगितलं. ती संध्याकाळच्या चपात्या लाटत होती. तिनं गॅस बंद केला आणि पाटावर बसली. मी डॉक्टर जसं बोलल्या तसं सगळं सांगितलं.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं. थर कसा चढतो, किती वर्षं लागतात, कुणाकडून येतो.

"म्हणजे त्या दिवशी मी नुसतं पिठलं केलं असतं तरी?"

"तरी."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. घट्ट, कोरडं. तिनं विचारलं, "वन्संना माहितीय?"

"मी तोंडावर सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"विचारत होत्या, मग मी एवढी जगले कशी."

आई उठली, गॅस पेटवला आणि उरलेल्या चपात्या लाटल्या.

दोन आठवड्यांनी आत्या राहुरीला आली. चुलतभावाची बायकोच तिला गाडीतून घेऊन आली होती. तिनं काय सांगून आणली, मी विचारलं नाही. आत्या खानावळीच्या ओट्यावर धापा टाकत बसली. आईनं तिला पाणी दिलं. सासरचं माणूस दारात आलं की डोक्यावर पदर घ्यायची आईची जुनी सवय होती. त्या दिवशी तिनं तो घेतला नाही.

"चुकलं माजं," आत्या खाली बघत म्हणाली. "तुला नगं नगं ते बोलले."

मला वाटलं, आता आई म्हणेल, जाऊ द्या वन्सं. तिचा तोच स्वभाव. एवढ्या वर्षांचं एवढ्यात मिटणार, आणि तेही चार भिंतींच्या आड.

आई म्हणाली, "इथं नको, वन्सं."

आत्यानं वर पाहिलं.

"इथं कोण आहे ऐकायला? जिथं म्हणालात तिथं म्हणा. अंगणात म्हणालात, गावापुढं. तिथंच म्हणा. मी येते."

चुलतभावाची बायको माझ्याकडे बघायला लागली. मी आईकडे बघत होते. मला वाटायचं सूड माझा आहे, आईसाठी मी तो वाहतेय. तिचा तिनं स्वतःच इतकी वर्षं जपून ठेवला होता आणि तो माझ्यापेक्षा जास्त धारदार होता.

चुलतभाऊ घरी आल्यावर त्याला बघायला माणसं येत होती. एका रविवारी सकाळी मी आईला घेऊन काष्टीला गेले. तिनं मोरपंखी साडी नेसली होती, माझ्या मुलीनं घेतलेली, आजवर कपाटात पडून असलेली. गाव सोडल्यापासून ती तिथं पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. घरापुढं आता फरशी होती, वर पत्र्याचं शेड. खुर्च्यांवर भावकीतली पाच-पंचवीस माणसं. चुलतभाऊ आत पडून होता, आत्या बाहेर बाजेवर.

कुणीतरी आईला खुर्ची दिली. ती बसली नाही. आत्यासमोर उभी राहिली.

आत्या काहीतरी पुटपुटली.

"मागं बसलेल्यांना ऐकू येत नाही," आई म्हणाली.

आत्यानं बाजेची कड धरली आणि उठून उभी राहिली. तिला धाप लागली होती. मला तिची दया आली नाही. ती म्हणाली, "माज्या भावाला हिनं न्हाई मारलं. आमच्याच रक्तात हुतं ते. मी खोटं बोलले. पातेलं आणून दावलं, ते लई वंगाळ केलं."

मग पुढच्या खुर्चीवरचे एक म्हातारे गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ द्या आता, वैनी. झालं गेलं. किती वर्सं झाली."

आई त्यांच्याकडे वळली. "तुम्ही होतात त्या दिवशी. पातेल्यात वाकून बघितलं होतं तुम्ही. मान हलवली होती."

त्या गृहस्थांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आईनं एकेका खुर्चीवरून नजर फिरवली. ज्यांची वयं तेवढी होती त्यांनी माना खाली घातल्या. चुलती आतून चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती दारातच थांबली. आई पाठ फिरवून गाडीत येऊन बसली.

मी गाडी सुरू केली. गाव मागं पडल्यावर विचारलं, "बरं वाटलं?"

"चल लवकर," ती म्हणाली. "पोरांचं जेवण राहिलंय."

त्यानंतर माझ्या मुलीचं रक्त तपासलं. ते मी लांबणीवर टाकत होते, तीच मागं लागली. तिला आहे. डॉक्टर म्हणाल्या, या वयात कळलं हे चांगलं झालं, गोळी सुरू करू, तुमच्या वडिलांसारखं तिचं होणार नाही. मी मान डोलावली. पण त्या रात्री मी काष्टीच्या घराला पुन्हा एकदा मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि देता देता लक्षात आलं की मुलीपर्यंत हे पोचवणारी मीच आहे. ते मला अजून नीट गिळता येत नाही. मुलगी मात्र रोज दात घासल्यावर गोळी घेते आणि विसरून जाते.

चुलतभावाच्या दोन मुलांपैकी धाकट्याला निघालं. त्याच्या आईनं भावकीतल्या घराघरांत जाऊन सगळ्यांची रक्तं तपासायला लावली. कुणी नाही म्हणालं तर ती उंबऱ्यातच बसून राहायची. आता घराच्या किल्ल्या तिच्याकडे आहेत.

आत्यानं ऑपरेशनला नकार दिला. गोळ्या घेते. गेल्या दिवाळीनंतर चुलतभावाच्या बायकोचा फोन आला की आत्या आठवण काढतायत, एकदा येऊन जा. मी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. प्रेमानं नाही, एवढं नक्की. आत्या वाळली होती. उशांना टेकून बसली होती, समोर टीव्हीवर कसलीशी मालिका लागलेली.

बराच वेळ ती माझ्या शाळेचं, मुलीचं विचारत राहिली. मग म्हणाली, "मनात काय ठेवलं न्हाईस ना गं?"

"ठेवलंय," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला तेच अपेक्षित असावं. मालिकेतल्या सुनेनं सासूच्या दुधात काहीतरी टाकलं होतं आणि ते आता उघडकीला येणार होतं. आत्यानं रिमोट उचलून आवाज वाढवला आणि मला बसायला पलंगावर थोडी जागा करून दिली. मी बसले.